अक्का राजा झाली

रेवा, तुझ्या कॉलेजातल्या नाटकाचे फोटो मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मुलींनी डोक्याला फेटे बांधलेत, मुलगे साड्या नेसलेत आणि जुन्या काळचं ते प्रेमाचं नाटक तुम्ही पार उलटं करून टाकलंत. शेवटच्या फोटोत सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय. खाली तू विचारलं आहेस, ‘आजी, तुमच्या वेळी असलं काही कुणाला सुचलं तरी असतं का?’ सुचलं होतं. परंड्यात, निजामाच्या राज्यात, आमच्या राहत्या घरी सुचलं होतं आणि करूनही झालं होतं. आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही. विचारणारंच कुणी नव्हतं. आता तू विचारलंस, तर जसं घडलं तसं क्रमानं लिहिते. तुझ्या भावानं, ईशाननंही वाचावं. मुलांनी तर वाचावंच.

आमचं घर किल्ल्याच्या खंदकापासून जवळ, दगडी आणि बसकं. पुढं नानांची बैठक, मध्ये चौकोनी अंगण, अंगणाच्या तिन्ही बाजूंनी ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि आड. नाना म्हणजे माझे वडील. मुन्सफ कोर्टात वकिली करायचे. कोर्टाचं सगळं काम उर्दूत, त्यामुळं नानांच्या बोलण्यात घरीसुद्धा तारीख, पेशी, हुकूम असे शब्द यायचे. ‘आज भाजीला मिठाची मंजुरी मिळाली न्हाय वाटतं,’ असं म्हणून ते ताट पुढं सरकवायचे आणि आई पदरात हसायची. सकाळी बांग ऐकू यायची, त्यापाठोपाठ जात्याची घरघर, मग मोलकरीण गंगूबाईच्या भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वर कच्चं तेल. देशात आणि परदेशात मी पुष्कळ काही खाल्लं, पण भूक लागली की जिभेवर तेच येतं.

अक्का माझी थोरली बहीण. मी तेव्हा परकर नेसून हुंदडणारी आणि ती लग्नाची. मुलींना शाळा नावालाच होती, म्हणून नानांनी तिला घरीच इंग्रजी शिकवलं होतं. बार्शीहून तिला बघायला मंडळी आली तेव्हा मुलानं, मनोहर त्याचं नाव, तिला इंग्रजी पुस्तकातला एक उतारा वाचायला लावला. तो बार्शीच्या हायस्कुलात मास्तर होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “उच्चार छान आहेत. पुढं शिकायचंय का?” बघायला आलेल्या मुलीनं अशा वेळी मान खाली घालायची असते. अक्का सरळ म्हणाली, “हो. शिकायचंय.” सगळ्यांत आधी मनोहरच हसला. साखरपुडा झाला. त्यानंतर अक्का कामं करता करता मध्येच थांबायची आणि बार्शीच्या दिशेची खिडकी उघडी आहे ना, ते बघायची. त्या खिडकीतून दिसायचा फक्त शेजारचा उकिरडा. पण तिला तो मुलगा हवा होता, हे लहान असून मलाही कळत होतं. घरात ‘हवं’ हा शब्द तिच्या तोंडून मी दुसऱ्या कशाबद्दल ऐकला नव्हता.

आता मास्तर. शाळेतले नव्हेत, नाटकातले. एका मोठ्या संगीत नाटक कंपनीत ते नायिकेचं काम करायचे. त्या काळी बायका नाटकात नसत. पुरुषच लुगडं नेसून नायिका होत आणि मास्तरांसारख्या नायिकेसाठी लोक गाड्या जुंपून येत. पुढं बोलपट आले, मास्तरांचं वय झालं, बार्शीच्या मुक्कामात कंपनी मोडली. नाना विद्यार्थी असताना सोलापूरला त्यांचं ते गाजलेलं नाटक पुन्हा पुन्हा बघत. स्वर्गातल्या अप्सरेसाठी वेडा झालेला राजा, तिला शोधत झाडावेलींना तिचा ठावठिकाणा विचारत फिरणारा, असं त्याचं कथानक. अप्सरा राजाला सोडून निघते त्या प्रवेशाला आपण रुमाल भिजवायचो, हे नाना अभिमानानं सांगत. मास्तर बार्शीत हलाखीत आहेत असं कळल्यावर ते स्वतः गेले आणि हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून त्यांना टांग्यात घालून घरी घेऊन आले. “मुलींना भजनं शिकवा, पेटी शिकवा, इथंच राहा,” म्हणाले. बैठकीच्या शेजारची खोली त्यांना दिली.

मास्तर उंच नव्हते, सावळे होते, पन्नाशीकडे झुकलेले. धोतर, सदरा, कापलेले केस. पण चालता चालता त्यांचा हात नकळत खांद्यावर जायचा, नसलेला पदर सावरायला. रस्त्यावरची पोरं त्यांच्या मागून कमरेवर हात ठेवून चालायची. मास्तर मागे वळून म्हणायचे, “बाळ, डावा पाय चुकला. पुन्हा चालून दाखव.” पोरं पळायची. आई त्यांच्यासमोर संकोचत नसे. ते तिला वहिनी म्हणत, चुलीपाशी बसून शेंगा सोलत, आणि कुठल्या गावच्या बायका कुठलं लुगडं कसं नेसतात ते सांगत. नाना ती पदं घरभर गुणगुणायचे म्हणून आईला सगळी पाठ होती. नाटक मात्र तिनं कधीच बघितलं नव्हतं. बार्शीला कंपनी आली की गावातले पुरुष जात. बायकांनी जायची रीत नव्हती. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, “मास्तर, त्या गाण्यांच्या मधी काय बोलतात हो? इतकी वर्षं नुसती गाणीच ऐकतेय.” मास्तर हातातली शेंग तशीच धरून तिच्याकडं बघत राहिले. तिथून सगळं सुरू झालं.

ठरलं ते असं: महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला दुपारी गावातल्या बायका येतातच. तेव्हा अंगणात मुलींनी ते नाटक करायचं. बघणाऱ्या बायका, करणाऱ्या मुली, पुरुष कुणी नाही. नाना हसून म्हणाले, “बायकांचं बायकांत हाय ना, मग आमची मंजुरी.” चुलत बहीण मालू गोरी, नाजूक, म्हणून अप्सरा ती. मी सखी. अक्काला मास्तरांनी विचारलं, “तू काय होणार?” ती म्हणाली, “राजा.” मालू खो खो हसली. अक्का हसली नाही. म्हणाली, “मला हवी, मला हवी, असं त्या नाटकात एकट्या राजालाच म्हणता येतं. बाकीच्या सगळ्या लाजतात नाहीतर रडतात.”

तालमी माळ्यावर चालत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये. पुस्तक नव्हतंच. समोर उभं राहून राहून सगळ्यांचीच भाषणं मास्तरांना पाठ झाली होती. राजाची वाक्यं ते कोरडी सांगत, अप्सरेची सांगताना मात्र त्यांचा आवाजच बदलायचा. अक्काला त्यांनी सगळ्यात आधी उभं राहायला शिकवलं. “तू चवड्यावर उभी आहेस,” ते म्हणाले. “बाई चवड्यावर उभी राहते. कुणी हाक मारली की निघायचं असतं तिला. बाप्यानं टाचेवर भार द्यायचा. जागा आपल्या बापाची आहे असं.” मग अक्का दिवसभर टाचा आपटत चालायची आणि आई ओरडायची, “अगं, भिंती पाडतेस का आता?” मास्तर स्वतः जन्मभर उलटं शिकले होते. टाचेवर कसं उभं राहायचं ते दाखवताना त्यांचाच तोल जाई आणि आम्ही लोळून हसायचो. मास्तरही हसायचे.

नाटकाचा शेवट अक्काला पटेना. मूळ नाटकात स्वर्गाचा राजा परवानगी पाठवतो, ‘जा, राहा आता त्याच्याजवळ,’ आणि मग अप्सरा राजाची होते. अक्का म्हणाली, “तिला राहायचंय, राजाला ती हवीय, मग मधी ह्या तिसऱ्याचा काय संबंध?” मास्तरांनी खूप विचार केला. देवाला गाळायचं म्हणजे मोठी गोष्ट. शेवटी म्हणाले, “बरं, काढून टाकू. तो नट तसाही बेसूर होता.” त्यामुळं आमच्या नाटकात राजा नुसता हात पुढं करणार होता, अप्सरा तो धरणार होती आणि पडदा पडणार होता. पडदा म्हणजे आईची सोलापुरी चादर.

महालक्ष्म्या बसल्या, जेवणं झाली. पुरण, कटाची आमटी, आंबील, सोळा भाज्या. आमचं घर तीन दिवस तुपाच्या वासात बुडालेलं असे. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळीच बार्शीहून आमच्या होणाऱ्या विहीणबाई, म्हणजे मनोहरची आई, मुद्दाम दर्शनाला आल्या. सोबत त्यांचे भाऊ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. नाना मामांना घेऊन सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेले, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. आणि त्याच वेळी मालू न्हाणीघरातून रडत बाहेर आली. तिला कावळा शिवला होता. आता तुम्ही हसाल, पण त्या दिवसांत बाईनं कशाला शिवायचं नाही, आणि घरात तर महालक्ष्म्या बसलेल्या. मालूला मागच्या पडवीत कांबळं टाकून बसवलं. आई कपाळाला हात लावून बसली. गावभर निमंत्रणं गेली होती.

मास्तर फुलांच्या माळा करत होते. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, एखादं लुगडं असलं तर द्या. कुणाला कळायचं नाही.”

अक्का आईकडं बघत होती. तिलाही विहीणबाईंसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. शेवटी आई उठली आणि स्वतःचं अंजिरी इरकल घेऊन आली. त्यावर खणाची चोळी, नथ, गंगावन. आणि सवाष्णीचा गळा मोकळा दिसू नये म्हणून डब्यातली स्वतःची जुनी काळी पोतही तिनं दिली. मास्तर खोलीत गेले आणि कुणाची मदत न घेता बाहेर आले. मी अजून तसं नेसलेलं लुगडं पाहिलेलं नाही. आई नुसतीच म्हणाली, “बाई गं.”

अक्कानं नानांचा अचकन घातला होता आणि वर त्यांची कोर्टातली रुमी टोपी. ती बाहेर आली तशी पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, “अगं, हा राजा कुठला, हा तर कोर्टातला पेशकार. माझ्या दिराचा दाखला अडवून ठेवलाय बघा यानं.” सगळं अंगण हसलं. पण अक्का टाचांवर उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली, तेव्हा हसणं आपोआप थांबलं. मग अप्सरा आली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कोण ही, कुणाची? पण आमच्याकडं एक समज आहे, की महालक्ष्मीच्या दिवसांत अनोळखी सवाष्ण दारी आली तर तिला नाव-गाव विचारू नये, न जाणो, तीच आली असेल. म्हणून कुणी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली, “बार्शीकडच्या आहेत.” तेवढं खरंच होतं.

मी सखी म्हणून खांबाला टेकून उभी होते, त्यामुळं मला बायकांचे चेहरे दिसत होते. वेडा झालेला राजा तुळशीला, आडाला, जात्याला विचारत फिरतो, ‘माझी ती कुठं आहे?’, तेव्हा त्या रडत होत्या. एरवी मयताला रडतात तसं नव्हे. आपल्याला कधी कुणी असं शोधलं नाही, म्हणून रडत असाव्यात. हे मला आत्ता वाटतं, तेव्हा वाटलं नाही. शेवटी राजानं हात पुढं केला, अप्सरेनं तो धरला, आणि कुणीतरी ताटातले तांदूळ उचलून त्यांच्यावर टाकले. मग सगळ्यांनीच टाकले. एका म्हातारीनं मंगलाष्टकाची ओळ धरली. ते शिकवलेलं नव्हतं.

नंतर हळदीकुंकू. विहीणबाई उठल्या आणि अप्सरेच्या कपाळाला त्यांनी स्वतः कुंकू लावलं. खण, नारळ, तांदळांनी ओटी भरली. मग वाकून पायांना हात लावला. “बाई, तुमचं सवाष्णपण असंच राहो,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी पदर पुढं धरला होता. हजारो लोकांनी त्यांना बाई म्हणून डोळे भरून पाहिलं होतं. ओटी कुणी भरली नव्हती.

बायकांनी त्यांना लवकर सोडलंच नाही. ही गाणं म्हणायला लावी, ती अंबाड्याची गाठ विचारी. उन्हं उतरली तेव्हा मास्तर कसेबसे सुटून मागच्या अंगणात पाणी प्यायला गेले, आणि त्याच वेळी सोनारीहून परतलेले मामा पाय धुवायला आडाकडं आले. त्यांनी मास्तरांना पाहिलं. चेहरा फुलून आला. “मास्तर?” ते म्हणाले. “अहो, मास्तर तुम्ही! पुन्हा लुगड्यात? डोळ्यांचं पारणं फिटलं की!” आणि त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला. मग बैठकीकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, “वकीलसाहेब, लवकर या! आपली अप्सरा बघा, हितं तुमच्या आडावर उभी हाय!”

मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरुणपणी त्यांनी मास्तरांचा फोटो घरात लावला होता म्हणे, साडीतला. पण आत विहीणबाई विडा घेत होत्या. त्यांनी विडा खाली ठेवला.

त्या आडावर आल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर घागरी ओतून घेतल्या. “बाप्याच्या पायाला हात लावला म्या,” त्या म्हणत होत्या, “बाप्याला कुंकू लावलं. लक्ष्म्यांच्या समोर.” मग ओल्या अंगानं आईसमोर उभ्या राहिल्या. “ह्याच्या गळ्यात पोत कुणाची?”

आई म्हणाली, “काय की. त्यानंच कुठून आणली असंल. आम्हाला तरी काय माहीत.”

मास्तरांनी आईकडं पाहिलं नाही. पोत काढून आडाच्या काठावर ठेवली आणि खोलीत गेले.

त्यानंतर जे झालं त्याला लोक बोभाटा म्हणतात. आमच्या अंगणात रडलेली, तांदूळ टाकलेली प्रत्येक बाई घरी जाऊन म्हणाली, आम्हाला फसवलं. नवऱ्यांना तेच हवं होतं. हेच नवरे बैलगाड्यांतून बार्शीला जाऊन ह्याच माणसाला ह्याच वेषात बघून आले होते, तेव्हा कुणी डोक्यावर घागरी ओतल्या नव्हत्या. माणूस तोच, लुगडं तसंच. तिथं ती कला होती, कारण बघणारे पुरुष होते. इथं बायकांनी बघितली, तर विटाळ झाला. हे मी फार उशिरा नीट शब्दांत मांडू शकले. अक्काला त्याच दिवशी कळलं होतं.

बार्शीहून निरोप आला की मुलगी परक्या पुरुषाचा हात धरून अक्षता टाकून घेऊन बसली, तिचं लग्न झाल्यातच जमा आहे. वर देवाची परवानगीसुद्धा नाटकातून काढून टाकली, असली मुलगी. साखरपुड्याचं लुगडं परत पाठवा. नानांनी पाठवलं नाही. वकील होते, तडजोड काढायची त्यांना सवय होती. त्यांचे आणि मामांचे निरोप गेले-आले, आणि एका सकाळी मनोहर मामांबरोबर स्वतः आला. अक्कानं ते ऐकलं आणि वेणी सोडून पुन्हा घातली.

तडजोड अशी होती: अक्कानं सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं. ‘तो पुरुष आहे हे मला माहीत नव्हतं.’ मग दोष सगळा मास्तरांचा, मुलगी निर्दोष, आणि लग्न ठरल्याप्रमाणं. दाराआड आई तिचा हात धरून म्हणत होती, “एक वाक्य हाय गं बाई. नाटकात एवढी बोललीस. हे एक म्हण.” मास्तर तेव्हा शेजारच्याच खोलीत होते. नानांनी त्यांना अजून घालवलं नव्हतं. खोलीचं दार आतून लावलेलं होतं, पण भिंत पातळ होती. ‘मला फसवलं’ असं अक्का म्हणाली तर पुढं काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांच्या घोळक्यात वेष पालटून शिरलेला पुरुष म्हटलं की अमीन येऊन उचलून नेणार. आमच्याकडं फौजदाराला अमीन म्हणत, आणि त्या राज्यात ठाण्यात गेलेला गरीब माणूस धड बाहेर येत नसे.

अक्का बैठकीच्या उंबऱ्यात उभी राहिली. मी तिच्या मागे होते, तिच्या पदराला धरून. मनोहर सतरंजीवर बसला होता. मामा अवघडून पानाचा डबा उघडत-मिटत होते. नाना कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “बोल. तुला माहीत होतं का न्हाय?”

अक्का थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माहीत होतं.”

“नीट ऐकलंस का प्रश्न?” नाना म्हणाले.

“ऐकला. माहीत होतं. हात त्यांनी न्हाय धरला, मी पुढं केला. राजा मी होते.”

मामांनी डबा मिटला. मनोहर उठला, नानांना नमस्कार केला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. ‘दुर्दैवी’ अशा अर्थाचं. त्याचे उच्चार छान होते.

तुम्हाला वाटेल की निदान मास्तर तरी वाचले. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटत होतं. पण नानांना अजून एक मुलगी होती, ती म्हणजे मी, आणि गावात राहायचं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं, सुंदर उर्दूत, अमीनाकडं फिर्याद लिहून दिली. घरात आश्रय दिलेल्या इसमानं स्त्रियांची फसवणूक केली म्हणून. साक्षीला आईचं नाव होतं. मास्तरांना नेलं तेव्हा आम्हा मुलींना माळ्यावर कोंडलं होतं. पुढं गंगूबाईनं सांगितलं, “डोई भादरली त्यांची. भुवया बी काढल्या. आन नाक्याच्या पल्याड सोडलं. म्या बाजारातनं येत हुते, वळखलंच न्हाय.” ते कुठं गेले, जगले की नाही, मला माहीत नाही. सोलापूरला असताना मी चौकशी केली होती. कुणाला ते नावही आठवत नव्हतं.

अक्काला हे तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं, हळद लागत असताना. लग्न लोहाऱ्याच्या बिजवराशी होतं. शेतीवाडी, पहिल्या बायकोची मुलं, दम्याचा विकार. तिनं गंगूबाईचं सगळं ऐकून घेतलं, हळदीच्या अंगानं उठून बैठकीत गेली आणि नानांना विचारलं, “सोलापूरला तुम्ही ज्यांच्यासाठी रुमाल भिजवायचा, ते हेच ना?” नाना कोर्टातली मिसल, खटल्याचे कागद, वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मला त्यांनी सोलापूरला वसतिगृहात ठेवलं. पुढं मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, इंग्रजी शिकवू लागले. सत्कार-समारंभांत लोक म्हणतात, त्या काळी मुलीला शिकवलं, तुमचे वडील किती पुढारलेले. मी मान डोलावते. खरं एवढंच, की त्या घरातली दुसरी मुलगी गावाच्या नजरेसमोर वाढायला नको होती.

बी.ए.चा निकाल लागल्यावर मी लोहाऱ्याला गेले. निजामाचं राज्य तोपर्यंत संपलं होतं. तहसील कचेरीवर तिरंगा होता आणि अक्काच्या घरी सगळं होतं तसंच होतं. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता. “तुमच्या अक्काला गाता येतं म्हणं,” तो मला खोकत खोकत म्हणाला, “आमी तर कधी ऐकलं न्हाय बा.” जेवून तो आत झोपला. अक्का सूप घेऊन ओसरीवर तूर निवडत बसली. सावत्र मुलीची वेणी मध्येच घालून दिली, पुन्हा सूप ओढलं. तिचे हात गंगूबाईच्या हातांसारखे झाले होते.

मी इतकी वर्षं मनात बाळगलेलं बोलून टाकलं. म्हटलं, “अक्का, तू मास्तरांसाठी खरं बोललीस आणि तेही वाया गेलं. एक वाक्य बोलली असतीस तर आज बार्शीत असतीस. शिकली असतीस.”

ती म्हणाली, “मास्तरांसाठी कुठं गं? मी खोटं बोलायलाच आले होते.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“खरंच. उंबऱ्यापर्यंत वाक्य पाठ करत आले. मास्तर भिंतीपल्याड आहेत हे ठाऊक असून म्हणणार होते. एवढा हवा होता तो मला.” तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. “उंबऱ्यात उभी राहिले तर तो सतरंजीची दशी ओढत होता. वर बघेचना. नाना विचारतायत, मामा बघतायत, आणि ज्याला मी पाहिजे तो दशी ओढतोय. मला वाटलं, आता बघंल, मग बोलू. वाट बघितली मी. तू मागं होतीस, तुला आठवत असंल, जरा वेळ गप्प होते. त्यानं एकदा मान वर केली असती ना, तर मी म्हटलं असतं. काय म्हणाल ते म्हटलं असतं.”

“आणि मग?”

“मग काय. म्हटलं, ह्याच्यासाठी कशाला.”

आतून खोकल्याचा आवाज आला. अक्कानं सूप बाजूला ठेवलं, लुगड्याला चिकटलेली फोलं झटकली.

“उठले वाटतं,” ती म्हणाली. “त्यांना उठल्या उठल्या चहा लागतो. तूही घोटभर घे.”